प्रकरण अभ्यास : उत्तर गोव्यातील एका बॉक्सरचा थकवा, सप्लिमेंटचे डबे आणि वजनगटाचा निर्णय

पार्श्वभूमी

या प्रकरणातील खेळाडू १९ वर्षांची बॉक्सर असून ती डिचोली तालुक्यात आई-वडील आणि आजी यांच्यासह राहते व महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिची ओळख पटू नये म्हणून घरचे आणि स्पर्धेचे काही तपशील बदलले आहेत; रक्ततपासणीचे आकडे, आहाराची मोजणी आणि निर्णयांचा क्रम यांत मात्र फेरफार केलेला नाही. लेखात तिचा उल्लेख ‘खेळाडू’ असाच केला आहे. क्रीडा आहारतज्ज्ञ म्हणून या प्रकरणात माझा सहभाग होता. औषधांचे सर्व निर्णय डॉक्टरांनी घेतले.

चौदाव्या वर्षी तिने हातमोजे चढवले आणि काही वर्षांतच ५४ किलो वजनगटात ती राज्याच्या संघापर्यंत पोहोचली. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरली, तेव्हा प्रेक्षकांत बसून पाहिलेल्या लढतींनी तिच्यासारख्या अनेक मुलामुलींची जिद्द वाढवली. त्यानंतर सराव केंद्रांतली वर्दळ वाढली आणि तिच्या मागोमाग सप्लिमेंटच्या डब्यांची विक्रीही वाढली, असे माझे निरीक्षण आहे.

तिचा दिवस पहाटे ४:५० च्या गजराने सुरू होत असे. सहा ते सव्वासात धावणे आणि पॅडवर्क, मग बसने कॉलेज, संध्याकाळी साडेपाच ते सात बॅग, स्पॅरिंग आणि वजनी व्यायाम, अशा सोमवार ते शनिवार दोन-दोन पाळ्या चालत. घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजत. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा होती आणि मे महिन्यापासूनची सगळी आखणी तिच्याभोवती झाली होती.

घरच्या जेवणाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा गुंता तिथेच सुरू होतो. घरचे जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात, हुमण (मासळीची आमटी) किंवा कढी, आणि बहुतेक दिवशी बांगडा, तारली किंवा तिसऱ्या (शिंपले). गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत ताजी मासळी महागते आणि ताटातून कमी होते. त्यापाठोपाठ श्रावण येतो. या घरात श्रावण काटेकोरपणे पाळला जातो. मासळी आणि मटणच नव्हे, तर अंडेही चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत घरात येत नाही. शिवाय मे महिन्यात वजन आटोक्यात ठेवायचे म्हणून तिने रात्रीचा भात सोडला होता. म्हणजे जून ते ऑगस्ट या काळात, सराव सर्वांत कडक असताना, तिच्या ताटातून आधी भात गेला, मग मासळी आणि शेवटी अंडीही गेली. प्रत्येक गोष्टीला त्या त्या वेळी पटण्याजोगे कारण होते, आणि म्हणूनच एकूण किती कमी झाले ते कोणाच्याही लक्षात आले नाही.

समस्या

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात आई तिला घेऊन आली. तक्रार सात आठवड्यांपासूनच्या थकव्याची होती. जिना चढताना दम लागणे, सकाळी अंग जड असणे, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होणे, कॉलेजच्या बसमध्ये डोळा लागणे पण रात्री अंथरुणावर पडल्यावर झोप न येणे, असे ते सारे होते. “पूर्वी मार खाऊन घरी यायची तरी हसत असायची, आता नुसती गप्प बसते,” असे आईने सांगितले.

प्रशिक्षकांनी ठेवलेली एक नोंद या तक्रारीपेक्षाही बोलकी होती. बॅगवर तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या घ्यायच्या आणि प्रत्येक फेरीच्या शेवटच्या ३० सेकंदांतले सरळ ठोसे मोजायचे, अशी त्यांची पद्धत आहे. मे महिन्यात पहिल्या फेरीत ७८ आणि तिसऱ्या फेरीत ७० ठोसे होते. ऑगस्टमध्ये हेच आकडे ७४ आणि ४९ झाले. पहिल्या फेरीतला वेग जवळजवळ शाबूत होता, म्हणजे ताकद किंवा इच्छा कमी झालेली नव्हती. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात शरीर सावरत नव्हते. प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता किंवा स्नायूंतील साखरेचा साठा कमी पडला की साधारण असेच चित्र दिसते.

सराव केंद्रात या घसरणीचा अर्थ ‘रिकव्हरी होत नाही’ असा लावला गेला, आणि रिकव्हरीचे उत्तर डब्यात आहे असे गृहीत धरले गेले. तिने पिशवीतून एकेक करून पाच वस्तू टेबलावर ठेवल्या : व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रथिनांची पावडर), बीसीएए (काही अमिनो आम्लांची पावडर), सरावाआधी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर, ‘फॅट बर्नर’च्या कॅप्सूल आणि अश्वगंधाच्या कॅप्सूल. यांवर महिन्याला सुमारे ७,००० रुपये जात होते, आणि ट्रक चालवणाऱ्या वडिलांनी त्यासाठी घरातल्या दुसऱ्या खर्चाला कात्री लावली होती. पाचपैकी दोन वस्तू केंद्राच्या ओळखीतल्या एका विक्रेत्याकडून बिलाशिवाय घेतलेल्या होत्या. उत्तेजकांसाठी बॅचनिहाय तपासणी झाल्याची खूण एकाही डब्यावर नव्हती.

प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये ३०० मि.ग्रॅ. कॅफिन होते आणि ती तो संध्याकाळी पाच वाजता घेत असे. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहा वाजता तिच्या अंगात साधारण दीड-दोन कप कॉफीइतके कॅफिन शिल्लक असे. झोप साडेबारापर्यंत लागत नव्हती आणि गजर ४:५० चा होता. सकाळचा थकवा घालवण्यासाठी संध्याकाळी पावडर, आणि त्या पावडरीमुळे पुन्हा सकाळी थकवा, हे चक्र तिला स्वतःला जाणवले नव्हते, कारण पावडर घेतल्यावर तासभर खरोखरच बरे वाटत होते.

फॅट बर्नरच्या लेबलने मात्र चिंता वाढवली. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत ग्रीन टी, काळी मिरी अशी नावे होती आणि त्यांच्यामध्ये ‘नेलुम्बो न्यूसिफेरा’ या वनस्पतीच्या पानांचा अर्क होता. हे आपले कमळ. देवघरात वाहिले जाणारे फूल म्हणून कोणालाही त्यात धोका दिसणार नाही. परंतु कमळासह काही वनस्पतींमध्ये हायजेनामाइन हे रसायन असते, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे वाडाच्या यादीत २०१७ पासून त्याचा बीटा-२ गटात (श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांच्या गटात) स्पष्ट उल्लेख आहे. हा गट केवळ स्पर्धेच्या काळात नव्हे, तर सर्वकाळ प्रतिबंधित आहे. कोणता घटक किती, हे ‘ब्लेंड’ या शब्दाआड झाकलेले असल्याने नेमका अंदाज बांधणेही शक्य नव्हते. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर मिथाइलहेक्सानामाइन या उत्तेजकासाठी कुस्तीगिरांसह अनेक भारतीय खेळाडू दोषी आढळले, तेव्हाही सप्लिमेंटवरच बोट ठेवले गेले होते. डब्यावर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आहे, मग भीती कशाची, असे आईने विचारले. तो परवाना अन्न म्हणून विक्रीचा असतो. त्यावरून डब्यातला माल उत्तेजकांपासून मुक्त असल्याची हमी मिळत नाही. नमुन्यात प्रतिबंधित पदार्थ सापडला, तर तो शरीरात कसा आला याची जबाबदारी खेळाडूवरच येते. कोणी सांगितले म्हणून घेतले, एवढ्याने ती टळत नाही.

तपासात काय आढळले

पावसाळ्यात गोव्यात थकवा म्हटला की डेंगी आणि लेप्टोची शंका आधी घ्यावी लागते. डॉक्टरांनी त्या दृष्टीने तपासून ती बाजूला ठेवली. थायरॉइड आणि दाहाचे निदर्शक सामान्य होते. हिमोग्लोबिन ११.४ ग्रॅम होते. प्रौढ स्त्रियांसाठी किमान १२ अपेक्षित असते. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचे माप, ९ होते. सहनशक्ती लागणाऱ्या खेळांत ते ३०-३५ च्या खाली गेले की सहसा उपाय सुरू केले जातात. जीवनसत्त्व ड आणि ब-१२ हेही कमी होते.

डॉक्टरांनी पाळीविषयी विचारले तेव्हा आई आणि मुलगी दोघीही क्षणभर थांबल्या. शेवटची पाळी मे महिन्यात आली होती. सराव वाढला की पाळी पुढे जाते, ते कडक मेहनतीचे लक्षणच आहे, असे तिने सोबतच्या मुलींकडून ऐकले होते. गर्भधारणा आणि इतर कारणे तपासून डॉक्टरांनी ती नाकारली.

तीन दिवसांच्या आहाराची नोंद काढल्यावर रोजचे अन्न सुमारे १,७०० कॅलरी भरले. त्यातल्या अंदाजे ७०० कॅलरी सरावात खर्च होत होत्या. तिचे वजन ५७.५ किलो आणि चरबी वगळता शरीराचे वजन सुमारे ४५ किलो. म्हणजे हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके, जखमा भरणे अशा बाकी सगळ्या कामांसाठी तिच्या शरीराकडे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे २२ कॅलरी उरत होत्या. हा आकडा ३० च्या खाली काही काळ राहिला की शरीर एकेक खाते बंद करू लागते आणि स्त्रियांत पाळी हे बहुधा सर्वांत आधी बंद होणारे खाते असते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता) असे नाव देऊन ती स्त्री-पुरुष दोघांतही होते हे स्पष्ट केले.

विशेष म्हणजे प्रथिनांची उणीव फारशी नव्हती. व्हेसह ती दिवसाला ८० ग्रॅम, म्हणजे किलोमागे १.४ ग्रॅम प्रथिने घेत होती. कर्बोदके मात्र किलोमागे ३.७ ग्रॅमच होती. दिवसातून दोनदा होणाऱ्या सरावाला ती साधारण ५ ते ७ लागतात. ज्याची कमतरता जवळपास नव्हती, त्यावरच घरातला सर्वाधिक पैसा खर्च होत होता. जे भाताच्या मडक्यात स्वस्तात मिळत होते, ते तिने वजनाच्या भीतीने सोडले होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तो चालू मार्गच पुढे नेण्याचा : सराव तसाच ठेवायचा आणि क्रिएटिन, बीटा-अॅलानीन अशी भर घालायची. ही दोन्ही नावे पोकळ नाहीत. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी ज्या मोजक्या पदार्थांमागे चांगला पुरावा असल्याचे मान्य केले, त्यांत कॅफिनसह ती येतात. पण हा पुरावा पुरेसे खाणाऱ्या खेळाडूंच्या कामगिरीत थोडी भर पडते असे सांगतो. लोहाची आणि अन्नाची तूट क्रिएटिनने भरत नाही. शिवाय क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी साठून वजन किलोभर वाढू शकते, जे वजनगटाच्या खेळात आधीच अडचणीचे.

दुसरा पर्याय वडिलांनी सुचवला : ‘एक-दोन सलाईन लावून घेऊ, तरतरी येईल.’ आपल्याकडे अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत इतकी रुजलेली आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. मात्र वाडाच्या नियमांनुसार १२ तासांत १०० मि.लि. पेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे ही प्रतिबंधित पद्धत आहे, मग त्यात नुसते मीठ-साखरेचे पाणी असले तरीही. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासणीत वैद्यकीय गरजेने दिलेले द्रव याला अपवाद आहेत. थकव्यासाठी बाहेरच्या दवाखान्यात लावलेली बाटली त्यात बसत नाही. घरच्यांपैकी कोणालाही हे माहीत नव्हते.

तिसरा पर्याय सराव पूर्ण थांबवून स्पर्धेतून माघार घेण्याचा होता. वैद्यकीय दृष्टीने तो सर्वांत सुरक्षित होता. पण खेळाडूने त्याला ठाम नकार दिला, आणि तिच्या मनःस्थितीकडे पाहता तो लादला असता तर तिने दुसरीकडे कुठेतरी चोरून सराव केला असता, असे आईलाही वाटत होते.

चौथा पर्याय दोन आठवडे सराव निम्म्यावर आणणे, अन्न वाढवणे, लोह सुरू करणे आणि ५४ ऐवजी ५७ किलो गटात उतरणे हा होता. वादाचा खरा मुद्दा यातला शेवटचा भाग ठरला.

निर्णयाचा क्षण : ५४ की ५७

प्रशिक्षकांचा विरोध समजण्यासारखा होता. ५४ किलोत तिची उंची आणि हाताची पोच प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त ठरते. ५७ मध्ये तो फायदा जातो, आणि त्या गटात राज्यात आधीच एक अनुभवी मुलगी आहे. त्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील विनेश फोगट यांचे उदाहरण दिले : अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलो गटात १०० ग्रॅम जास्त भरले आणि सगळे गेले, म्हणून वजनाबाबत आधीपासूनच कडक राहायला हवे. माझ्या मते त्या घटनेवरून वेगळाच प्रश्न विचारायला हवा : शरीराचे स्वाभाविक वजन गटापासून किती दूर असावे? आमच्या खेळाडूला ५७.५ वरून ५४ वर येण्यासाठी ६ टक्के वजन उतरवावे लागणार होते. हौशी बॉक्सिंगमध्ये ज्या दिवशी लढत असते त्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होते. म्हणजे एकदा वजन उतरवून नंतर भरपेट खाण्याची सोय नाही. आठवडाभर तहानलेल्या आणि अर्धपोटी शरीराने डोक्यावर ठोसे झेलायचे. पाण्याची कमतरता असताना डोक्याला बसणारा मार अधिक धोकादायक ठरू शकतो, ही भीती मला सर्वांत मोठी वाटते आणि ती मी प्रशिक्षकांसमोर स्पष्ट शब्दांत मांडली.

चर्चा पुढे सरकली ती त्यांच्याच वहीमुळे. मे आणि ऑगस्टमधले तिसऱ्या फेरीचे आकडे शेजारी ठेवून ‘सर, ४९ ठोशांची ही मुलगी ५४ किलोमध्ये तरी जिंकेल का?’ असे विचारल्यावर ते बराच वेळ वही पाहत राहिले. ‘दोन आठवडे देतो, मग पुन्हा मोजू,’ असे त्यांनी सांगितले. वजनगटाचा निर्णय त्या मोजणीपर्यंत पुढे ढकलला गेला. मला तो लगेच हवा होता, पण त्यांना आकड्यांची खात्री पटू देणे हेच योग्य होते असे आता वाटते.

केलेली कृती

फॅट बर्नर, बीसीएए आणि अश्वगंधा त्याच दिवशी बंद झाले. अश्वगंधा प्रतिबंधित यादीत नाही. पण त्या कॅप्सूल बिनबिलाच्या होत्या आणि थायरॉइड व यकृतावर परिणाम झाल्याच्या नोंदी असल्याने गरज नसताना ती चालू ठेवण्याचे कारण नव्हते. प्री-वर्कआउट एकदम तोडले तर डोके दुखते, म्हणून आठवडाभर अर्धा स्कूप आणि नंतर शून्य असा उतार ठेवला.

व्हे मात्र ठेवले, आणि हा निर्णय विचारपूर्वक घेतला. आजीच्या श्रद्धेला धक्का न लावता श्रावण पार पाडायचा होता. ‘खेळाडू आहेस तर अंडी खाल्लीच पाहिजेत’ अशी सक्ती केली असती, तर घरातला एकोपा गेला असता आणि योजनाही टिकली नसती. त्यामुळे चवथीपर्यंत दिवसाला एक स्कूप, पण नव्या डब्यातून : बॅचनिहाय उत्तेजक-तपासणीची खूण असलेला, बिलासह घेतलेला, आणि डब्यावरचा बॅच क्रमांक तपासणाऱ्या संस्थेच्या यादीशी जुळवून पाहिलेला. अशा तपासणीने धोका पूर्णपणे संपत नाही, तो बराच कमी होतो, हेही तिला सांगितले.

आहार घरातल्याच पदार्थांतून वाढवला. पहाटे सरावाआधी नाचणीचे तिझण (गोड खीर) आणि केळे. सरावानंतर पोई (गोव्याचा पाव) आणि अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक म्हणजे रस्सा किंवा मोड आलेल्या मुगांची उसळ. अकराच्या सुमारास पेज, चिमूटभर जास्त मीठ घालून, थर्मासमधून कॉलेजात. मैत्रिणींसमोर पेज काढायची सुरुवातीला तिला लाज वाटत होती, पण आठवड्याभरात दोघीजणी वाटेकरी झाल्या. दुपारी आणि रात्री भात परत आला. झोपण्याआधी दूध. पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे २,२०० आणि पूर्ण सराव सुरू झाल्यावर २,५०० कॅलरी, किलोमागे साडेपाच-सहा ग्रॅम कर्बोदके, असे लक्ष्य होते. चवथीनंतर अंडी, तारल्या आणि तिसऱ्या परतल्या. तिसऱ्यांमध्ये लोह आणि ब-१२ दोन्ही भरपूर असतात.

डॉक्टरांनी १०० मि.ग्रॅ. लोह देणारी गोळी एक दिवसाआड लिहून दिली. रोज घेतल्याने आतड्यातले शोषण कमी होते आणि पोटाचा त्रास वाढतो, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि लोहाचे शोषण अडवते. म्हणून गोळीची वेळ सकाळचा सराव संपल्यावर लगेचची ठरवली, सोबत लिंबूपाणी. अडचण चहाची होती. घरी आल्याबरोबर चहा ही सवय होती आणि चहातील टॅनिन लोह बांधून ठेवते. आईने चहा दीड तास पुढे नेला. सांगायला ही लहानशी गोष्ट, पण कुठल्याही महागड्या डब्यापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला, असे मला वाटते. ड आणि ब-१२ साठी स्वतंत्र मात्रा दिल्या.

सराव मोजण्यासाठी मिनिटे गुणिले जाणवलेली मेहनत (एक ते दहा) असा हिशेब ठेवला. तो आठवड्याला ६,४०० च्या आसपास होता. दोन आठवडे ३,२०० वर आणला, स्पॅरिंग पूर्ण बंद, सकाळी फक्त दोरी आणि तंत्र. नंतर हळूहळू ५,४०० पर्यंत. सरावाआधी-नंतर वजन केल्यावर दमट हवेत एका संध्याकाळी १.२ किलो घाम जातो असे दिसले. घटलेल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट द्रव, त्यात एक पेला पेज किंवा नीट प्रमाणात कालवलेले ओआरएस, असा नियम केला. प्लास्टिकचा स्वेट सूट प्रशिक्षकांनी स्वतःहून केंद्रातून काढून टाकला.

परिणाम

कॅफिन थांबल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून झोप सुधारली आणि ती साडेदहाला झोपू लागली. सकाळचा सराव आठवड्यातून दोनदा पाऊण तास उशिरा करण्याची मुभाही प्रशिक्षकांनी दिली. दोन आठवड्यांनंतरच्या मोजणीत तिसऱ्या फेरीत ५८ ठोसे भरले. लोहाचा परिणाम इतक्या लवकर दिसत नाही; ही वाढ मुख्यत्वे झोप, विश्रांती आणि भाताची होती. त्याच दिवशी ५७ किलो गटाचे नाव दिले गेले.

दहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १२.७ आणि फेरिटिन ३१ झाले. नवव्या आठवड्यात पाळी आली. तिसऱ्या फेरीतले ठोसे ६८ पर्यंत पोहोचले, मेच्या ७० पेक्षा अजून किंचित कमी. सकाळचे वजन ५८.४ किलोवर स्थिरावले होते; शेवटचे तीन दिवस चोथा आणि मीठ कमी करून, पाणी न तोडता ती ५७ च्या आत आली. स्पर्धेत पहिली लढत तिने जिंकली आणि पुढची ३-२ अशा विभागून गेलेल्या निर्णयाने हरली. हरलेल्या लढतीची तिसरी फेरी मात्र पाचही पंचांनी तिला दिली होती.

सर्वच काही जमले असे नाही. सप्टेंबरच्या मध्यावर, ५७ किलोतल्या मुलींशी स्पॅरिंग करताना ती दोनदा मागे हटली आणि त्या आठवड्यात पुन्हा भात कमी केल्याचे वहीवरून दिसले. वजनाची भीती आकड्यांनी एका फटक्यात जात नाही. विद्यापीठातील समुपदेशकाशी तिची भेट त्यानंतर ठरवली गेली. फॅट बर्नरमध्ये हायजेनामाइन खरोखर होते का, याची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही. डबा वेगळा ठेवून त्याचे छायाचित्र आणि बॅच क्रमांक जपून ठेवले आहेत.

काय वेगळे करता आले असते

पाळी दोन महिने न येणे हीच पहिली सूचना होती, आणि ती जुलैमध्येच मिळाली होती. केंद्रात मुलींसाठी पाळीची साधी नोंदवही असती, आणि ती बघणारी एखादी बाई प्रशिक्षक किंवा फिजिओ असती, तर या अवस्थेचे निदान पाच-सहा आठवडे आधी झाले असते. पुरुष प्रशिक्षकाला असा प्रश्न विचारणे जड जाते, मुलीला सांगणे त्याहून जड. त्यामुळे ही जबाबदारी कोणाची, हे हंगामाच्या आरंभीच ठरलेले असावे. फेरिटिनची तपासणीही जूनमध्ये, मासेमारी बंदी सुरू होताना, करून घेणे शहाणपणाचे ठरले असते, विशेषतः श्रावण पाळणाऱ्या घरांतील मुलींसाठी.

पहिल्या बैठकीला प्रशिक्षक नव्हते. डबे बंद झाल्याचे त्यांना खेळाडूकडून कळले आणि आपल्या सल्ल्यावर परस्पर फुली मारली गेली असे त्यांना वाटले. पुढचे चार-पाच दिवस त्यात गेले. खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांना एकत्र बसवूनच डब्यांची यादी वाचली असती, तर लेबलवरचे बारीक अक्षर त्यांनी स्वतःच पाहिले असते.

वजनगटाचा निर्णय मे महिन्यातच व्हायला हवा होता. तेव्हा ती ५७.५ होती आणि थकलेली नव्हती. त्या वेळी ५७ ची तयारी सुरू झाली असती, तर त्या गटातील जोरदार ठोशांची सवय व्हायला पाच महिने मिळाले असते, आणि मग हरलेली लढत कदाचित वेगळी झाली असती.

केंद्रात आता एक नवी पद्धत सुरू आहे. कोणताही डबा उघडण्याआधी त्याचे लेबल, बिल आणि बॅच क्रमांक यांचे छायाचित्र खेळाडूच्या वहीत चिकटवले जाते, जेणेकरून उत्तेजक चाचणीच्या वेळी मागील सात दिवसांत काय घेतले हे अर्जावर नेमके लिहिता येईल. ओळखीतल्या विक्रेत्याला केंद्रात माल विकण्यास प्रशिक्षकांनी मनाई केली आहे. खेळाडूचे लोह आणखी तीन महिने चालेल, त्यानंतर पुन्हा फेरिटिन होईल, आणि तो अहवाल येईपर्यंत ५४ किलोचा विषय काढायचा नाही, असे प्रशिक्षकांनीच तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.